माल फोटोत खुलतो का?

कापडाच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला दोन गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. 'हा रंग अंगावर खुलेल' आणि 'ही किनार उठून दिसेल'. गादीवर बसून ठाण उलगडताना हे शब्द तोंडातून आपोआप निघतात. गिऱ्हाईकही आपल्या जागी पक्के असते. कापड दाराशी नेऊन उजेडात पाहते, मुठीत चुरगाळून सोडून देते आणि मगच भाव विचारते. डोळा आणि हात, या दोन परीक्षांवर आपला निम्मा धंदा पिढ्यानपिढ्या चालत आला.

आता त्यात तिसरी परीक्षा आली आहे. गिऱ्हाईक कापडाला हात लावण्याआधी खिशातून मोबाईल काढते, फोटो घेते आणि तो घरी किंवा मैत्रिणीला पाठवते. तिकडून होकार आला तर पुढचे बोलणे. मिठाईच्या दुकानात तर खाण्याआधी फोटो, हा रिवाजच झाला आहे. जो माल डोळ्यांत भरतो तो फोटोत भरेलच असे नाही, आणि फोटोत जो खुलतो तो हातात घेतल्यावर फिका निघतो, हा अनुभव आपल्या अनेक व्यापारी बांधवांनी घेतला असेल. या अनुभवाला आपल्या भाषेत अजून नेमका शब्द सापडलेला नाही. जपानी लोकांनी मात्र तो घडवला, डोक्यावर घेतला आणि थोड्याच दिवसांत त्याची टिंगलही केली. त्या शब्दाची हकीकत आपल्या धंद्याच्या दृष्टीने जाणून घेण्यासारखी आहे.

'इन्स्टा-बाए'

इन्स्टाग्राम हे फोटो दाखवण्याचे माध्यम अमेरिकेत ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झाले. २०१२ साली फेसबुक कंपनीने ते १०० कोटी डॉलरला विकत घेण्याचा सौदा केला. जपानी भाषेत ते २०१४ पासून मिळू लागले आणि २०१७ च्या सुमारास तेथे दर महिन्याला ते वापरणाऱ्यांची संख्या २ कोटींच्या घरात गेली. त्याच वर्षी 'इन्स्टा-बाए' हा शब्द जपानभर झाला. अर्थ सरळ आहे. इन्स्टाग्रामवर टाकला असता खुलून दिसणारा पदार्थ, कपडा, जागा किंवा देखावा.

जपानमध्ये १९८४ पासून दर वर्षी त्या त्या वर्षी गाजलेल्या नव्या शब्दांना पुरस्कार दिला जातो. डिसेंबर २०१७ मध्ये 'इन्स्टा-बाए'ला हा पुरस्कार मिळाला. त्याच्या जोडीने आणखी एका शब्दाला मान मिळाला, तो म्हणजे 'सोन्ताकु'. बड्या माणसाच्या मनातले ओळखून त्याने न सांगताच त्याचे काम करून देणे, असा त्याचा अर्थ. तो प्रकार आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

'बाए' हा तुकडा मूळच्या 'हाए' शब्दाचा आहे. 'हाएरु' म्हणजे उजेड पडून उजळणे, खुलणे, उठून दिसणे. म्हणजे आपल्या कापडवाल्याचाच शब्द! जोडशब्दात दुसऱ्या जागी आला की जपानीत 'ह'चा 'ब' होतो, जसे आपल्याकडे संधी होताना अक्षर बदलते. पुढे तरुण मुलांनी पहिला तुकडा टाकून दिला आणि नुसते 'बाएरु' म्हणू लागले. फोटोत चांगले दिसणे, एवढाच त्याचा अर्थ. २०१८ साली सान्सेइदो या नामांकित कोशप्रकाशकाने वर्षातील नव्या शब्दांत 'बाएरु'ला पहिला क्रमांक दिला. रस्त्यावरची बोली एका वर्षात कोशकारांच्या बैठकीत जाऊन बसली.

कारागीर बंधूंनी लक्षात ठेवावा असा शब्द मात्र वेगळाच आहे. याच 'हाए'पासून जपानीत एक जुना शब्द आहे, 'देकिबाए'. काम पुरे झाल्यावर ते कसे उतरले, हाताची सफाई कशी साधली, हे सांगायला तो वापरतात. सुताराने दार बसवले, शिंप्याने अंगरखा शिवला, कुंभाराने भट्टीतून भांडे काढले की त्याचा 'देकिबाए' पाहतात. एकाच मुळाची ही दोन भावंडे. थोरला काम पाहून बोलतो, धाकटा कामाचा फोटो पाहून बोलतो. बाजारात सध्या धाकट्याचा आवाज चढलेला आहे, आणि कारागिराच्या रोजीचा प्रश्न तेथेच येतो.

हौस जुनीच

जपान्यांना ही हौस एका रात्रीत लागली असे कोणी समजू नये. तेथील खानावळींच्या काचेच्या कपाटात पदार्थांचे हुबेहूब नमुने मांडण्याची पद्धत फार पूर्वीची आहे. इवासाकी ताकिझो या गुजो हाचिमान गावच्या माणसाने १९३२ साली ओसाका शहरात मेणाचे पदार्थ बनवून पुरवण्याचा धंदा सुरू केला. वाटीतला भात, त्यावरचा मासा, ऑम्लेटवरची सुरकुतीसुद्धा मेणात. पुढे मेणाच्या जागी रेझिन आले, पण रंग भरण्याचे काम हातानेच राहिले. आज गुजो हाचिमान हे गाव या कारागिरीसाठी ओळखले जाते. गिऱ्हाईक आधी डोळ्यांनी जेवते, हे त्या लोकांनी तेव्हाच ओळखले होते.

नंतर १९९५ साली स्वतःचे छोटे चिकटफोटो काढून देणारी यंत्रे तेथील खेळघरांत आली आणि शाळकरी मुलींच्या त्यावर उड्या पडल्या. नोव्हेंबर २००० मध्ये शार्प कंपनीने बनवलेला, फोटो काढून लगेच पाठवता येणारा मोबाईल तेथे विक्रीस आला. त्याचा कॅमेरा जेमतेम १ लाख १० हजार बिंदूंचा. आजच्या मानाने तो फोटो म्हणजे चाळणीतून पाहिल्यासारखा. पण सवय लागली ती लागली. फोटोत रूप वाढवून दाखवण्यालाही त्यांच्या मुलींनी शब्द काढला, 'मोरु'. त्याचा मूळ अर्थ वाटीत भात शिगोशीग भरणे. आपण मीठमसाला लावणे म्हणतो, त्यांनी भात रचला.

सुरी कोठे चालवावी

'इन्स्टा-बाए'च्या लाटेत धंद्यावर काय परिणाम झाला हे पाहायचे तर फळांचे सँडविच पाहावे. हा पदार्थ तेथे जुनाच. दोन पावांत गोडसर मलई आणि स्ट्रॉबेरी, किवी, संत्रे. पूर्वी फळे बारीक चिरून पसरत. आता अख्खे फळ कोणत्या जागी, कोणत्या तिरप्या रेषेत ठेवायचे हे आधी ठरते. पाव गुंडाळून थंड करतात, सुरी कोठे चालवायची याची खूण वेष्टणावर पेनाने करतात, आणि दर कापाला सुरी पुसून घेतात. कारण कापल्यावर आत फूल उमटले पाहिजे. अशा कापलेल्या बाजूच्या देखणेपणालाही वेगळा शब्द निघाला, 'मोए-दान'. 'दान' म्हणजे येथे छेद, आणि 'मोए' म्हणजे जीव जडणे. छेदावर जीव जडला!

यात वाईट काही नाही असे आमचे मत आहे. फळ तेच, मलई तीच. वाढली ती मेहनत आणि नजर. कापाची सफाई ही कारागिरीच आहे, आणि बर्फीची वडी पाडणाऱ्याला ती वेगळी सांगावी लागत नाही. येथे 'देकिबाए' आणि 'इन्स्टा-बाए' हातात हात घालून चालले.

पण सगळीकडे तसे घडले नाही. काळ्या गोळ्या घातलेला दुधाचा चहा तैवानमधून आला आणि २०१८-१९ मध्ये टोकियोत त्याच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. त्या गोळ्या ज्या कंदाच्या पिठाच्या, त्याच कंदापासून आपला साबुदाणा होतो. पारदर्शक पेला, तळाशी काळे मणी, वर दुधाचा रंग. फोटोला याहून सोपा माल नाही. हा चहा पिण्याला 'तापिरु' असे क्रियापद झाले आणि २०१९ च्या गाजलेल्या दहा शब्दांत ते आलेही. गल्लोगल्ली दुकाने निघाली. पुढे लाट ओसरली, २०२० साली कोरोनाची साथ आली आणि यांतली पुष्कळ दुकाने बंद झाली. ज्यांच्या मालात फोटोपलीकडे दुसऱ्यांदा येण्याचे कारण नव्हते, त्यांना गिऱ्हाईक धरून ठेवता आले नाही. फोटो माणूस एकदाच काढतो.

माशी

आणि मग आली माशी. जपानीत 'हाए' या उच्चाराचा दुसरा शब्द आहे, त्याचा अर्थ माशी. लिहिताना अक्षर वेगळे, कानाला एकच. कोणा खट्याळाने 'इन्स्टा-बाए' लिहिताना खुलण्याच्या अक्षराऐवजी माशीचे अक्षर घातले. झाले, फोटोसाठी घोंगावणाऱ्या लोकांना नाव मिळाले. फोटोपुरता पदार्थ घ्यायचा आणि अर्धा टाकून चालते व्हायचे, अशा वागण्याच्या तक्रारी तेव्हा तेथे सर्रास होत होत्या. किसलेल्या बर्फाच्या डोंगराएवढ्या वाट्या फोटो होईतो वितळतात. दुकानदाराला पैसे मिळतात खरे, पण आपण रचलेली वाटी कचऱ्यात जाताना पाहणे कोणत्या कारागिराला आवडेल?

रमजानच्या रात्री मुंबईत मिनारा मशिदीच्या आजूबाजूला उभे राहिले की हे चित्र ओळखीचे वाटते. भारतात जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने छोट्या चित्रफिती, म्हणजे रील, येथे सुरू केल्या. आता कढईत मालपुवा सोडला की चार मोबाईल पुढे येतात. शहरभरातून नवे गिऱ्हाईक त्यामुळे येते, हे नाकारून चालणार नाही. परंतु टेबल अडते, मागची रांग खोळंबते, आणि गरम खायचा मालपुवा थंड झाल्यावर खाल्ला जातो. मग 'नाव ऐकले तसे नाही' असा शेरा देऊन गिऱ्हाईक जाते. तो शेराही मोबाईलवरच पडतो.

याचे टोक पाहायचे तर फुजी पर्वताच्या पायथ्याशी जावे. फुजिकावागुचिको गावात एक साधे किराणा-वाणसामानाचे साखळी दुकान आहे. रस्त्याच्या पलीकडून फोटो काढला की दुकानाच्या छपरावर अख्खा फुजी बसल्यासारखा दिसतो. या एका फोटोसाठी परदेशी प्रवाशांची इतकी झुंबड उडू लागली की लोक वाहने न पाहता रस्ता ओलांडू लागले, कचरा टाकू लागले, समोरच्या दवाखान्याच्या आवारात घुसू लागले. अखेर मे २०२४ मध्ये गावाच्या प्रशासनाने अडीच मीटर उंच आणि वीस मीटर लांब काळी जाळी उभारून देखावाच झाकून टाकला. काही दिवसांतच जाळीला कॅमेऱ्याचे भिंग मावेल एवढी भोके पडलेली आढळली. ऑगस्टमध्ये वादळाच्या भीतीने जाळी उतरवली, ती पुन्हा लावली नाही. आमच्या व्यापारी बांधवांनी येथे एवढेच पाहावे की गर्दी रस्त्याच्या पलीकडे उभी होती. दुकानाच्या समोर माणसे असणे आणि दुकानात गिऱ्हाईक असणे, या दोन गोष्टींत एका रस्त्याची रुंदी आहे.

रंगाचा मोह

फोटोत खुलण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे रंग. येथे मात्र आपल्या खाद्यपदार्थवाल्यांनी फार जपून राहिले पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुदुच्चेरी आणि तामिळनाडूत साखरेच्या रंगीत कापसावर, ज्याला आपण बुड्ढी के बाल म्हणतो, बंदी आली. तपासणीत त्यात रोडामाईन-बी हा रंग सापडला होता. हा रंग कापड रंगवण्याचा आहे, पोटात घालण्याचा नव्हे. पुढच्याच महिन्यात कर्नाटक सरकारने रंगीत कापूस-मिठाईवर आणि गोबी मंचुरियनमधील कृत्रिम रंगावर बंदी घातली. विक्रेत्यांनी हा रंग फोटोसाठीच घातला असे आम्ही म्हणत नाही. स्वस्त आहे, भडक दिसतो म्हणूनही घालतात. पण गिऱ्हाईक भडक रंगाकडे कॅमेरा वळवते हे दिसू लागले की चिमूटभर जास्त घालण्याचा मोह होतो. सरबतवाले, फिरनीवाले, जिलबीवाले यांनी आपला रंगाचा डबा एकदा उजेडात नेऊन त्यावरचा मजकूर वाचावा. खाद्यरंग म्हणून त्यावर छापलेले नसेल तर तो डबा दुकानात ठेवूच नये.

दुसरी जपणूक कायद्याची. रील बनवणाऱ्याला फुकट थाळी द्यायची, कपड्याचा जोड द्यायचा आणि त्याने चार शब्द गोड बोलायचे, हा व्यवहार आता सर्रास आहे. तो गुन्हा नाही, परंतु लपवणे चालत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये यासाठी नियम सांगितले. पैसे, वस्तू किंवा फुकट जेवण घेऊन केलेली स्तुती ही जाहिरात आहे, आणि तसे चित्रफितीत स्पष्ट सांगितले पाहिजे. जाहिरात दिशाभूल करणारी ठरली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पुन्हा तेच केले तर ५० लाखांपर्यंत. जपाननेही ऑक्टोबर २०२३ पासून अशा छुप्या जाहिरातींना मनाई केली. तेथे जबाबदार धरतात तो माल विकणाऱ्याला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

फोटो काढूच नये, असा याचा अर्थ मुळीच नाही. काढावा, आणि नीट काढावा. पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत पांढरा मलईसारखा आणि निळा मळकट दिसतो. मग माल घरी पोचल्यावर 'हा तो रंग नव्हे' म्हणून परत येतो आणि जाण्या-येण्याचा खर्च आपल्या अंगावर पडतो. दिवसाच्या उजेडात, खिडकीशी, बाजूने प्रकाश घेऊन काढलेला फोटो खरा रंग दाखवतो. भरतकाम विकणाऱ्याने उलट बाजूचाही एक फोटो द्यावा. टाके तेथेच कळतात, आणि यंत्राचे काम कोणते व हाताचे कोणते हे जाणकाराला सांगावे लागत नाही. भांडे, डबा, चप्पल यांच्या शेजारी हात किंवा पट्टी ठेवली तर आकाराचा घोळ होत नाही.

जे फोटोत येत नाही

शेवटी आपल्याच राज्यातील एका धंद्याकडे वळू. मिरजेत सतार आणि तंबोरे बनवणारी घराणी आहेत. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात हा नवा हुन्नर उचलला आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या तोच चालवत आल्या. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा मोठा कडू भोपळा, तुनीचे लाकूड, वर कोरीव नक्षी. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे मिरजेचे नाव लावून दुसरीकडचा माल विकण्याला आता कायद्याची आडकाठी आहे.

मिरजेचा तंबोरा फोटोत फार सुंदर दिसतो. भोपळ्याची गोलाई, पानाफुलांची वेलबुट्टी, काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. अशा वाद्याचा फोटो परदेशातला माणूस पाहतो आणि विचारणा करतो. पण त्या वाद्याची खरी किंमत नक्षीत नसते. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीचा माथा कारागीर कानसेने कणाकणाने घासतो. त्याला जवारी काढणे म्हणतात. जरा कमी घासले तर स्वर मुका, जरा जास्त घासले तर तो चिरका. जवारी उतरली की तारेखाली धाग्याचा एक तुकडा सरकवतात. त्याला जीव म्हणतात. धागा केसभर इकडे-तिकडे झाला की आवाज मिटतो, जागेवर बसला की तंबोरा बोलू लागतो.

हे काम शिकायला वर्षे लागतात आणि ते फोटोत दिसत नाही. दोन तंबोऱ्यांचे फोटो शेजारी ठेवले, एकाची जवारी उस्तादाने काढलेली आणि दुसऱ्याची शिकाऊ पोराने, तर पाहणारा ज्याची नक्षी जास्त त्यावर बोट ठेवणार. मग घासण्यातला वेळ वाचवून नक्षी वाढवावी का, हा हिशेब कारागिरापुढे उभा राहतो. नक्षीला भाव फोटोवर मिळतो, जवारीला मिळतो तो गिऱ्हाईक वाद्य घेऊन बसल्यावर. आवाज ऐकवायचा म्हणून मोबाईल घोडीजवळ धरून तार छेडली, तरी त्या एवढ्याशा कर्ण्यातून खर्ज नीट ऐकू येत नाही. तो ऐकायला गिऱ्हाइकाला मिरजेच्या दुकानात येऊन, पायताण काढून, वाद्याला कान लावावा लागतो.